मापसाहेबांचा छटाक

अंदाजे, साधारण, जवळपास आणि जरासं हे चार शब्द चपलांसारखे दाराबाहेर काढून ठेवूनच आमच्या घरमालकांकडे आत जावं लागे. मला हे पहिल्याच दिवशी कळलं. अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये मला नोकरी लागली होती, आणि इंदिरानगरच्या एका बैठ्या घरातली मागची खोली भाड्याने मिळत होती. मी दारात उभं राहून विचारलं, "काका, खोली साधारण दहा बाय बाराची असेल ना?"

"साधारण म्हणजे किती?" असं म्हणून त्यांनी लेंग्याच्या खिशातून स्टीलची टेप काढली. एक टोक माझ्या हातात दिलं आणि मला भिंतीकडे पिटाळलं. "दहा फूट बाय अकरा फूट साडेअकरा इंच. अर्धा इंच गिलाव्यात गेलाय. आत्ताच सांगतोय, नंतर तक्रार नको."

भाडं ठरायच्या आधी ज्या माणसाने आपणहून अर्धा इंच कमी करून सांगितला, तो एक तर फार सज्जन असणार किंवा फार त्रासदायक. सहा वर्षं तिथे राहिल्यावर मी एवढंच सांगू शकते, की ते दोन्ही होते, आणि रोज होते.

तीस वर्षं ते वजनमापं निरीक्षक होते. दुकानादुकानांतून फिरून काटे तपासायचे, वजनांवर शिक्के मारायचे, खोटी मापं जप्त करायची, हे त्यांचं काम. गल्लीत त्यांना सगळे मापसाहेब म्हणत. ते मात्र कुणालाच नावाने हाक मारत नसत. ज्याचं जे काम, तेच त्याचं नाव. डॉक्टरांना 'डॉक्टर', पोस्टमनला 'टपाल', आणि मी सहाही वर्षं 'भाडेकरू'. "अहो भाडेकरू, पाणी आलंय!" अशी सकाळी हाक यायची. एकदा माझी आई गावाहून आली, तर तिला त्यांनी अदबीने नमस्कार करून विचारलं, "आपण भाडेकरूंच्या मातोश्री का?" आईला तो अपमान वाटला, की मान, हे तिला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांच्या प्रत्येक सदऱ्याचा डावा खिसा लोंबलेला असे, कारण त्यात मऊ कातड्यात गुंडाळलेलं पन्नास ग्रॅमचं पितळी वजन असे. निवृत्त झाल्यावरही ते सुटलं नव्हतं. लोक टीव्ही ठेवतात त्या जागी त्यांच्या बैठकीत काचेच्या पेटीत एक नाजूक काटा होता. केस टाकला तरी झुकेल असा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ते त्या काट्याची पूजा करत, आणि दोन्ही पारड्यांत झेंडू वाहत तेही तोलून. एका बाजूला पाकळी जड झाली तर ती चिमटीने काढून दुसरीकडे ठेवायची. देवापुढे काटा झुकलेला चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. आरतीला मी हात जोडून उभी असायचे आणि माझ्या श्वासाने पारडं हलतंय म्हणून ते मला डोळ्यांनीच मागे सरकायला सांगायचे.

बुधवारी ते गंगेवरच्या, म्हणजे आमच्या नदीकाठच्या, बाजाराला जायचे. भाजीवाले त्यांना लांबून ओळखत, आणि त्यांच्या पिशवीत कधी मापात कमी पडू देत नसत. त्या बाजारात त्यांना एकदाच कुणीतरी निरुत्तर केलं. मी तेव्हा बरोबर होते. हरसूलकडची एक बाई फडक्यावर करवंदांचे वाटे लावून बसली होती.

"माप कुठाय?" मापसाहेबांनी विचारलं.

"माप कशाला? वाटा हाय त्यो," बाई म्हणाली. "मोजायचा नाय, बघायचा. पटला तं घ्या."

"पण एका वाट्यात किती?"

"लय हाये की! डोळं नाय का तुमाला?"

मापसाहेबांनी फडक्याखालीही बघितलं. जप्त करायला काहीच नव्हतं. शेवटी त्यांनी दोन वाटे घेतले आणि घरी येऊन तोलले. एक दोनशे तीस ग्रॅम भरला, दुसरा दोनशे साठ. दोन दिवस ते अस्वस्थ होते. "लबाडी नाही," ते मला म्हणाले, "पण माप पण नाही. मग हे आहे तरी काय?" करवंदं मी खाऊन टाकली.

छटाक हा त्यांचा बोका. त्यांची बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षी पाण्याच्या मीटरच्या खड्ड्यात तो त्यांना ओरडताना सापडला. त्यांनी आधी तोलला, मग पुसला. वजन जुन्या मापाने चार छटाक भरलं, पाव किलोलाही कमी. 'चार छटाक' अशी हाक मारणं अवघड, म्हणून छटाक. पुढे हा छटाक सहा किलो तीनशे ग्रॅमचा झाला, आणि भिंतीवरून उडी मारली की खालच्या कुंड्या हलायच्या. घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं. मापसाहेब त्याच्याशी बोलत, आणि मी भिंतीपलीकडून ऐकत असे. "आज हवा दमट आहे हो," असं ते त्याला सांगायचे. मांजराला 'अहो' म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. छटाक हे एकच नाव त्यांनी आयुष्यात कुणाला दिलं असावं.

आता समोरच्या दुकानाबद्दल सांगायला हवं. आमच्या फाटकासमोर, बारा फुटांचा रस्ता ओलांडला की, बापूशेठचं किराणा दुकान. बापूशेठ मूळचे सटाण्याकडचे, गोल चेहऱ्याचे, आणि बोलण्यात भारी गोड. मापसाहेब नोकरीत असताना त्यांनी याच दुकानातलं एक किलोचं लोखंडी वजन जप्त केलं होतं. नऊ ग्रॅम कमी. त्या वजनांच्या बुडाला एक खाच असते, तिच्यात शिसं भरलेलं असतं आणि शिशावर सरकारी शिक्का. या वजनाचं शिसंच गळून पडलं होतं. रस्त्यावरच्या दोन माणसांना पंच म्हणून उभं करून पंचनामा झाला. पंचनामा म्हटल्यावर गर्दी जमली, आणि गर्दीच्या देखत बापूशेठ हात जोडून म्हणाले होते, "साहेब, दंड करा, काही करा. फक्त एवढं लिहा, की मला माहीत नव्हतं."

मापसाहेब म्हणाले होते, "रोज हातात घेता ते वजन, आणि माहीत नव्हतं? कागदावर 'माहीत नव्हतं' असा रकाना नाही."

मी राहायला आले त्याच्या सहा वर्षं आधीची ही गोष्ट, पण दोघंही ती मला काल घडल्यासारखी सांगत. बापूशेठचं गिऱ्हाईक काही महिने तुटलं, मग परत आलं. दोघांमधलं बोलणं मात्र परत आलं नाही. मापसाहेब साखर आणायला पार पंचवटी कारंजापर्यंत जात, समोरच्या दुकानातून काडेपेटीही घेत नसत. रस्ता ओलांडायचा तो फक्त छटाक. रोज दुपारी तो बापूशेठच्या गव्हाच्या पोत्यावर जाऊन झोपायचा, आणि उठल्यावर दुधात बुडवलेली खारी खायचा. हे मापसाहेबांना दिसायचं. ते खिडकी लावून घ्यायचे.

छटाकला पाणी जास्त लागतंय, हे माझ्यासारख्या माणसाला त्याचं भांडं चाटून संपल्यावर कळलं असतं. मापसाहेबांना ते तिसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी पाणी मोजपात्राने ओतायला सुरुवात केली. शेजारी तसंच एक भांडं भरून त्यावर जाळी ठेवली. "ते कशाला?" मी विचारलं. "त्यातलं कुणी पीत नाही. त्यातून जेवढं उडून जाईल, तेवढं याच्या पिण्यातून वजा करायचं." आठ दिवसांत पाणी दोनशे दहा मिलीलिटरवरून तीनशे चाळीसवर गेलं आणि वजन तीनशे ग्रॅमने उतरलं. नवव्या दिवशी ते वही आणि बोका घेऊन रिक्षाने डॉक्टरांकडे गेले. बोका माझ्या मांडीवर.

जनावरांचे डॉक्टर तरुण होते आणि प्रामाणिक होते. त्यांनी वही चाळली, रक्त तपासलं आणि म्हणाले, "काका, म्हशीचं पोट फुगलं तर मी झोपेतसुद्धा औषध सांगेन. मांजराचा डायबेटीस मी आत्तापर्यंत फक्त पुस्तकात बघितलाय. पण आहे तो हाच. इन्सुलिन द्यावं लागेल, सकाळ-संध्याकाळ, आयुष्यभर. दोन युनिटपासून सुरू करू. जमेल?"

"मोजायचं काम आहे ना?" मापसाहेब म्हणाले. "मग जमेल."

त्यांच्या आवाजात मला त्या दिवशी चक्क आनंद ऐकू आला. पुढे औषधाच्या दुकानात दुकानदाराने विचारलं, "पेशंटचं नाव?" "छटाक." दुकानदाराने पेन थांबवलं. "वय?" "सात वर्षं, एक महिना." त्या भल्या माणसाचा चेहरा उतरला. "अरेरे! एवढंसं लेकरू!" मापसाहेबांनी खुलासा केला नाही, कारण प्राणी कोणता ते त्याने विचारलं नव्हतं. पुढे किती तरी दिवस तो दुकानदार आम्हाला बघून उसासे टाकायचा.

त्या दिवशी त्याच्याकडे इन्सुलिनची बाटली होती, सिरिंजा संपल्या होत्या. मी पुढे होऊन म्हटलं, "आमच्या कारखान्याच्या दवाखान्यातून मी आणते." कंपाउंडर ओळखीचा होता, त्याने शंभर इन्सुलिन सिरिंजांचा खोका दिला. हे माझं वाक्य लक्षात ठेवा. मी ते अजून विसरलेले नाही.

मापसाहेबांनी कुठलंही माप तपासल्याशिवाय वापरणं शक्यच नव्हतं. सिरिंजेत शेवटच्या रेघेपर्यंत पाणी भरलं आणि काचेच्या पेटीतल्या काट्यावर ते पाणी तोललं. एक मिलीलिटर म्हणजे एक ग्रॅम पाणी. बरोबर एक ग्रॅम भरलं. त्यांनी खोक्यातल्या पाच सिरिंजा अशा तपासल्या आणि झाकणावर लाल पेन्सिलीने सही केली. "माप खरं आहे," ते म्हणाले.

औषध थंड ठेवायचं, आणि फ्रीज फक्त माझ्याकडे. त्यामुळे माझा फ्रीज जवळजवळ जप्तच झाला. त्यात थर्मामीटर आला, वांगी बाहेर गेली. रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सात वाजता दार वाजायचं. "भाडेकरू, फ्रीज उघडा." मग बाटली तळव्यांमध्ये हळू फिरवायची, सिरिंज भरायची, डोळ्यांसमोर धरून रेघ बघायची. स्वतः आयुष्यात अंडं न खाल्लेल्या या माणसाने छटाकसाठी उकडलेलं चिकन तोलायला वेगळा काटा आणला होता. त्यावर 'मांसाहारी' अशी चिठ्ठी होती. छटाक पंचेचाळीस ग्रॅम चिकन खाण्यात गुंग असताना मानेमागची कातडी मी उचलायची आणि सुई त्यांनी टोचायची. छटाकला टोचलेलं कळतही नसे. मापसाहेब मात्र दर वेळी स्वतःच 'स्स' करत.

लघवीतली साखर बघायच्या पट्ट्या होत्या, पण पट्टीपर्यंत लघवी आणणार कोण? त्यासाठी त्यांनी पळी लांब काठीला बांधली. छटाक अंगणात माती उकरायला लागला, की हे मागून दबकत, काठी पुढे करून. छटाक वळून बघायचा, हे पेरूच्या झाडाकडे बघितल्यासारखं करायचे. गल्लीतल्या बायका ओट्यावर बसून हा खेळ बघत, आणि पळी भरली की एखादी टाळीही वाजवायची. पट्टी मग हिरवी किंवा तपकिरी व्हायची, आणि त्यांचा जीव खाली-वर. "हिरवट म्हणजे किती?" ते चिडून विचारत. "रंग हे काय माप आहे?"

पथ्य तर विचारूच नका. घरातली साखर, गूळ, मध, सगळं त्यांनी बाहेर काढलं. मांजर काही चहात साखर घालून पीत नाही, हे मी सांगून पाहिलं. पण औषध माझ्या फ्रीजमध्ये होतं, म्हणजे माझी खोलीही पथ्याच्या आवारात आली. माझाही साखरेचा डबा गेला. छटाकच्या गळ्यात दोऱ्याने पुठ्ठ्याची पाटी आली: 'यास काहीही खावयास देऊ नये. आदेशावरून.' ती पाटी घालून छटाक नेहमीप्रमाणे रस्ता ओलांडून पोत्यावर गेला. बापूशेठनी चष्मा लावून ती वाचली. मी तिथेच बसले होते, कारण साखर घातलेला चहा आता मला तिथेच मिळायचा.

"त्यांना सांगा ताई," बापूशेठ म्हणाले, "आजपासून खारी बंद. नुसता झोपेल तो इथं. झोपेला तर साखर नाय ना?"

आणि त्यांनी खरंच बंद केली. छटाक त्यांच्या पायांत घोटाळून ओरडायचा आणि ते बिचारे तोंड फिरवून डाळ निवडत बसायचे. हे मी मापसाहेबांना सांगितलं. "दुकानदार म्हणतो ना?" एवढंच ते म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नाही, कारण छटाकची साखर उतरत नव्हती. दोन युनिटचे तीन केले, तीनाचे चार. पाणी तेवढंच, पट्टी तपकिरीच. "कुणीतरी देतंय," ते खिडकीतून समोर बघत म्हणायचे. डॉक्टरांनी शेवटी पाच युनिट केले, आणि मग जादू झाल्यासारखं पाणी खाली आलं. तीनशे, दोनशे साठ, दोनशे. छटाकच्या अंगावर तकाकी आली. एका सकाळी त्याने भिंतीवरून उडी मारली आणि कुंडी फुटली. मापसाहेबांनी आनंदाने गल्लीत चिवडा वाटला, घरटी शंभर ग्रॅम. समोरचं एक दुकान सोडून.

शंभर सिरिंजा पन्नास दिवस पुरल्या. एक्कावन्नाव्या दिवसाकरता त्यांनी औषधाच्या दुकानातून नव्या आणल्या. त्याही तपासल्या. शेवटच्या रेघेपर्यंत पाणी, काट्यावर बरोबर एक ग्रॅम. वहीत त्यांनी लिहिलं, ते मी नंतर वाचलं: 'नवीन सिरिंज. माप खरे. रेघा कमी व ठळक, वाचण्यास सोयीच्या. चांगली सुधारणा.' आणि सकाळी सात वाजता पाचव्या रेघेपर्यंत भरून त्यांनी ती टोचली.

शनिवार होता, कारखान्याला सुट्टी. अकराच्या सुमारास मी कपडे वाळत घालत होते. छटाक अंगणातून येताना तिरका चालला. पेरूला धडकला, उभा राहिला, आणि बसला तो एका कुशीवर कोसळला. पाय हवेत झटके देऊ लागले. मी ओरडले. मापसाहेब धावत आले, त्याला उचललं, आणि त्यांनी काय करावं? त्याला त्याच्या रोजच्या वजनाच्या मोठ्या काट्यावर ठेवलं. "वजन बरोबर आहे हो," ते मला म्हणाले. "भाडेकरू, वजन बरोबर आहे ना!" त्या क्षणी मला त्यांचा राग आला, आणि इतकी दयाही आली, की माझेच डोळे भरून आले.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "साखर उतरलीय त्याची. आत्ताच्या आत्ता साखरेचं पाणी हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका, ठसका लागेल. मी निघालोच. साखर आहे ना घरात?"

मी मापसाहेबांकडे बघितलं. घरात साखरेचा कण नव्हता, गुळाचा खडा नव्हता. त्यांनीच तपासणी करून सगळं बाहेर काढलं होतं.

मी चपला शोधेपर्यंत ते अनवाणी फाटकाबाहेर गेलेही होते. इतकी वर्षं न ओलांडलेला बारा फुटांचा रस्ता. मी छटाकला मांडीवर घेऊन दारात बसले होते, त्यामुळे मला सगळं दिसलं आणि ऐकू आलं. बापूशेठ कुणाला तरी तूरडाळ तोलून देत होते.

"साखर!" मापसाहेब ओरडले.

"किती?" बापूशेठनी विचारलं. दुकानदाराच्या तोंडून हे आपोआपच येणार.

आणि मापसाहेबांना उत्तर देता येईना. ज्या माणसाने सगळ्या गावाला 'म्हणजे किती' विचारून हैराण केलं, तो तोंड उघडं टाकून उभा. हात नुसते वर-खाली होत होते. बापूशेठनी त्यांच्या खांद्यावरून आमच्या दाराकडे पाहिलं. हातातली डाळ काट्यात तशीच टाकली, पोत्यात हात घातला, मूठ भरली आणि ते स्वतःच धावत आले. रस्ताभर साखर सांडत.

"काय व्हयनं? काय व्हयनं याले?" घाबरले की बापूशेठ गावाकडच्या बोलीत शिरायचे. त्यांनी चमच्यात साखर कालवली आणि बोटाने छटाकच्या हिरड्यांना चोळायला लागले. मापसाहेब शेजारी गुडघ्यांवर बसून होते. चोळत राहिले, चोळत राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, आणि मला वाटतं त्या दिवशी मापसाहेबांनाही सांगता आलं नसतं. मग छटाकची जीभ हलली. मग त्याने मान उचलली, समोर बापूशेठचं बोट दिसलं, आणि तो कडकडून चावला.

"चावला! चावला!" बापूशेठ आनंदाने नाचायला लागले. बोटातून रक्त येत होतं. मापसाहेब भिंतीला टेकून मोठ्याने रडत होते. मीही रडत होते. लाज कुणालाच वाटत नव्हती.

डॉक्टर आले, त्यांनी छटाकला तपासलं आणि मग दोन्ही सिरिंजा शेजारीशेजारी धरल्या. "काका, बाटलीतल्या औषधाच्या एका मिलीमध्ये चाळीस युनिट आहेत. या नव्या सिरिंजेवर एका मिलीचे चाळीस भाग. एक रेघ म्हणजे एक युनिट. ही बरोबर. पण जुनीवर एका मिलीचे शंभर भाग आहेत, ती दुसऱ्या, जास्त तीव्र औषधासाठी असते. जुनीच्या पाच रेघा म्हणजे दोनच युनिट. नवीच्या पाच रेघा म्हणजे पुरते पाच. आज अडीचपट गेलं. चूक माझीही आहे, सिरिंज दाखवा असं मी म्हणायला हवं होतं."

"जुन्या मी आणल्या होत्या," मी म्हटलं.

मापसाहेबांनी दोघांकडेही लक्ष दिलं नाही. त्यांनी दोन्ही सिरिंजा हातात घेतल्या. "दोन्ही मापं खरी होती," ते हळूच म्हणाले. "मी तपासली होती. रोज हातात घेत होतो." त्यांनी सिरिंजा खाली ठेवल्या. बापूशेठ बोटाला चिंधी बांधत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. "भाडेकरू, पंच म्हणून या." बैठकीत बापूशेठ आधीच येऊन खुर्चीच्या काठावर बसले होते, तपासणीला आलेल्या माणसासारखे. छटाक पलंगावर झोपला होता. टेबलावर सुवाच्य अक्षरात लिहिलेला पंचनामा होता. आरोपीच्या जागी मापसाहेबांचं स्वतःचं नाव. जप्त वस्तू: सिरिंजा, वापरलेल्या व न वापरलेल्या. घटनेची वेळ मिनिटासकट. पुढे लिहिलं होतं: 'दुकानदाराने दिलेली साखर, अंदाजे एक मूठ.'

अंदाजे. मी तो शब्द दोनदा वाचला.

कागदाच्या शेवटी पट्टीने आखून एक नवा रकाना काढला होता. रकान्याचं नाव होतं, 'माहीत नव्हते'. त्यात लिहिलं होतं: 'होय.'

बापूशेठनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. "हा रकाना तर कागदावर नसतो ना साहेब?"

"नव्हता," मापसाहेब म्हणाले. "निरीक्षकाकडून राहून गेला होता."

मग त्यांनी ड्रॉवर उघडून एक पिवळी पडलेली कार्बन प्रत काढली. जुन्या पंचनाम्याची. नऊ ग्रॅम कमी भरलेल्या वजनाची. तिच्याही तळाशी तोच रकाना आखलेला होता, शाई अजून ताजी होती, आणि त्यातही 'होय' लिहून खाली सही होती. कायद्याने त्या कागदाला काडीची किंमत नव्हती, हे त्या खोलीत मापसाहेबांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. बापूशेठनी तो कागद वाचून जपून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "ताई, पेन द्या," आणि चिंधी बांधलेल्या बोटाने नव्या पंचनाम्यावर पंच म्हणून सही केली. ती फार वाकडी आली.

छटाक दोन युनिटवर आणखी चार वर्षं जगला. म्हातारपणाने गेला, गव्हाच्या पोत्यावर, झोपेत. तोवर माझं लग्न होऊन मी गंगापूर रोडला राहायला गेले होते, पण शनिवारी चक्कर असायची. बापूशेठकडे इलेक्ट्रॉनिक काटा आला होता. लोखंडी वजनांचं काम उरलं नव्हतं, तरी एक किलोचं एक वजन त्यांनी गल्ल्याशेजारी ठेवलेलं होतं. रोज पाच वाजता मापसाहेब रस्ता ओलांडून यायचे. बापूशेठ ते वजन उलटं करून दाखवायचे, मापसाहेब वाकून शिसं जागेवर आहे का ते बघायचे, आणि मग स्टुलावर टेकायचे.

मी शेवटची गेले तेव्हाही असंच झालं. बापूशेठनी स्टोव्हवर चहा ठेवला, साखरेचा डबा उघडला आणि मुद्दाम, माझ्याकडे बघून डोळे मिचकावत विचारलं, "साहेब, साखर किती घालू?"

मापसाहेब छटाकच्या रिकाम्या पोत्याकडे बघत होते.

"घाला," ते म्हणाले, "जराशी."